मामांच्या साडेचार एकरातली स्वतःची स्पार्कलिंग वाइन: वेडेपणा की जमण्यासारखं?

घोडबंदर_ट्रॅफिक (ठाणे)

मंडळी नमस्कार. वर्षभर इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय आणि तेही वाइनवर, त्यामुळे घरचं कुणी इथे असेल तर कृपया मला ओळखत नाही असं दाखवा.

झालं असं की दिवाळीत साडू पॅरिसहून आला आणि येताना एक शॅम्पेन घेऊन आला. आम्ही सहा जण, कासारवडवलीची गॅलरी, समोर मेट्रोचे खांब, बशीत कांदाभजी. सगळ्यांना वाटलं लग्नाच्या हॉलबाहेर फसफसवून उडवतात तसलं काहीतरी गोडूस असणार. पहिला घोट घेतला आणि डोळेच मिटले, कैरीच्या फोडीसारखी आंबट, मग मागून भाजलेल्या पावाचा वास, आणि अगदी शेवटी, हसू नका, शाळेत ओली पाटी पुसल्यावर यायचा ना तो वास. बायको म्हणाली नासलीय. सासूबाई घेत नाहीत, त्यांनी नुसता वास घेतला आणि म्हणाल्या यापेक्षा आंबील बरी.

साडू म्हणतो नासलेली नाही, हीच खरी. लेबलवर कोपऱ्यात बारीक अक्षरात 'आरएम' होतं, एकाच गावाचं नाव होतं, आणि मागे साखर लिटरला ३ ग्रॅम असं छापलेलं. म्हणे मोठ्या कंपनीची नाही, एका शेतकरी कुटुंबाची आहे, स्वतःचीच द्राक्षं, स्वतःच बनवतात, 'तेरवार' म्हणजे त्या मातीची चव यावी म्हणून साखर पण जवळजवळ घालत नाहीत. दुसऱ्या ग्लासाला मलाही ती आवडायला लागली, हे बायकोला सांगितलं नाही.

आता मुद्दा. माझे मामा दिंडोरीच्या बाजूला, साडेचार एकर चेनिन (वाइनचं पांढरं द्राक्ष) आहे, बरीच वर्षं करारावर वायनरीला घालतात. भाव ठरलेला, पैसे येतात, तक्रार नाही. पण भाऊबीजेला मी ही बाटलीची गोष्ट सांगितली तर मामा एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "आपली द्राक्षं पंधरा गावच्या द्राक्षांत एकाच टाकीत जातात रे, आपल्या बागेची वाइन कशी लागते ते मला अजून माहीत नाही." ते वाक्य डोक्यातून जाईना.

तर प्रश्न दोन. एक, ही मातीची चव वगैरे खरंच असते की लेबल विकायची युक्ती? दोन, फक्त मामांच्या बागेची थोडीशी स्पार्कलिंग बनवायची म्हटली तर ते शक्य आहे का, का मी पीएफ घालवून बसेन? मी ऐरोलीला आयटीत आहे, शेतीतलं शून्य कळतं.

एपीएमसी_फळबाजार (वाशी)

मी वाइन पीत नाही पण द्राक्षं आणि आंबा यात आयुष्य गेलं म्हणून लिहितो. मातीची चव असते की नाही हे विचारायला फ्रान्सला कशाला जाता, अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचं बी दुसरीकडे लावून बघा, कांदा येतो, ती गोडी येत नाही. देवगडचा हापूस आणि रत्नागिरीचा हापूस डोळे मिटून ओळखणारी माणसं आमच्या गाळ्यावर आहेत. आणि मार्च-एप्रिलमध्ये देवगडच्या पेटीत कर्नाटकचा माल भरून कसा विकतात तेही सगळ्या नवी मुंबईला माहीत आहे. मोठ्या कंपन्यांची शॅम्पेन म्हणजे तेच, मिक्स पेटी. तुमच्या साडूची बाटली म्हणजे बागाईतदाराने स्वतःच्या नावाने भरलेली पेटी.

धंदा म्हणून विचाराल तर नको. २००१ ला राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं तेव्हा जो उठतो तो वाइनची द्राक्षं लावत होता, मग २००८-०९ च्या मंदीत उठाव नाही म्हणून लोकांनी उभ्या बागा तोडून परत थॉम्पसन, म्हणजे खायची बिनबियांची द्राक्षं, लावलेली मी बघितलीय. थॉम्पसनचं कसं, एकाने नाही घेतली तर दुसरा घेतो, नाहीतर बेदाणा करता येतो. चेनिनचा बारीक मणी बियांचा, तो बाजारात कोण खाणार? मामांचा करार चालू आहे तर तो मोडू नका एवढंच सांगतो.

नेरुळ_पूर्व (नवी मुंबई)

एपीएमसी काका, पेटीचं उदाहरण आवडलं पण अर्धंच बरोबर आहे. मोठ्या शॅम्पेन कंपन्या करतात ती फसवणूक नाही, उलट ती मोठी कला आहे. मी शिकायला दोन वर्षं शॅम्पेन प्रदेशातल्या रँस शहरात होते, तिथल्या थंडीत द्राक्षं कधी पिकतात कधी धड पिकत नाहीत, म्हणून वेगवेगळ्या गावांची आणि वेगवेगळ्या वर्षांची वाइन मिसळून दरवर्षी तीच चव द्यायची ही त्यांची पद्धत. पण त्या मिसळण्यात कुठल्याही एका गावाचा आवाज ऐकू येत नाही, हे खरं.

आता धागाकर्त्याचं 'आरएम'. लेबलवर दोन अक्षरं असतातच, एनएम म्हणजे द्राक्षं विकत घेऊन बनवणारी कंपनी, सीएम म्हणजे सहकारी संस्था (हो, तिकडेही सोसायट्या आहेत, चेअरमनसकट), आणि आरएम म्हणजे स्वतः पिकवून स्वतः बनवणारा. त्याला बाहेरून फार तर ५ टक्के द्राक्षं घेता येतात. पूर्ण शॅम्पेन प्रदेश साधारण ३४ हजार हेक्टर आणि द्राक्ष शेतकरी १६ हजारांच्या वर, म्हणजे सरासरी काढली तर माणशी दोनेक हेक्टर, आपले पाच एकर! मला हे तिकडे कळलं तेव्हा धक्काच बसला, मला वाटायचं सगळे महालात राहत असतील. तुमचे मामा तिकडे असते तर अगदी मधले शेतकरी ठरले असते. आणि त्यातले बहुतेक जण आजही मामांसारखेच द्राक्षं कंपनीला घालून मोकळे होतात.

हे वारं बदलायला ज्यांचं नाव घेतात ते आव्हीझ गावचे आन्सेल्म सेलॉस. १९७० च्या दशकात वडिलांकडून बाग हातात घेतली, शिकलेले फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशात, जिथे एकेका वाफ्याची वाइन वेगळी ठेवतात. त्यांनी म्हटलं शॅम्पेनमध्ये तसं का नाही? उत्पादन कमी ठेवायचं, मातीची काळजी घ्यायची, नीट पिकू द्यायचं. त्यांच्यानंतर आंबोनेचे एग्ली-उरिए, वेर्त्यूचे लार्मांदिए-बर्निए अशी बरीच मंडळी आली.

तुमचा ओल्या पाटीचा वास भारी पकडलात. तिकडे जमिनीखाली खडू आहे, शब्दशः खडू, हातावर घासला तर पांढरा होतो. पण दगड विरघळून वाइनमध्ये चव उतरते असं समजू नका, तसं नसतं. तो खडू स्पंजासारखा पाणी धरतो आणि जास्तीचं खाली सोडून देतो, मुळांना ना कोरड पडते ना पाय ओले राहतात, त्यात थंड हवा, म्हणून आंबटपणा टिकतो. तो आंबटपणा आपल्या जिभेला 'दगडी' वाटतो. तेरवार म्हणजे माती, पाणी, उतार, वारा आणि तिथल्या माणसाची सवय, सगळं मिळून.

एक मात्र सांगते, लहान म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही. 'आरएम' लिहिलेली भिकार शॅम्पेनही मी प्यायलीय. आणि क्रूगसारखी बडी कंपनी ल मेनिल गावातल्या एका भिंतीआडच्या तुकड्याची वेगळी शॅम्पेन १९७९ पासून काढते. तो तुकडा किती माहितीये, १.८४ हेक्टर. एकरात करून बघा.

पाचपाखाडी_कट्टा (ठाणे)

साडेचार एकर!!! मामांना सांगा आजच कुंपणाऐवजी भिंत बांधायला घ्या 😂

बाकी आपला गोटी सोडा बरा. फसफसतो पण आणि डोकं पण दुखत नाही.

सेलरवाला_निवृत्त (कळवा)

नाशिकच्या एका वायनरीत नऊ वर्षं सेलरला, म्हणजे वाइन बनवायच्या-मुरवायच्या कोठारात होतो, नाव सांगत नाही. त्यातली पाच वर्षं स्पार्कलिंगवरच. वरचं सगळं वाचलं, नेरुळच्या ताईंनी चांगलं समजावलंय. आता आपल्याकडचं सांगतो.

आधी मनातून खडू काढून टाका. आपला सगळा काळा पाषाण, बेसाल्ट. पण मामांच्या साडेचार एकरात सगळीकडे एकसारखी जमीन नसणार, खालच्या अंगाला ओढ्याकडे काळी कसदार आणि वर डोंगराकडे मुरमाड हलकी असणार, बरोबर? काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, वेल माजतो, पानं हातभर आणि घड पाणचट. मुरमाडात वेल आटोपशीर राहतो, मणी लहान, रस घट्ट. तुमचं तेरवार त्या वरच्या तुकड्यात आहे. वायनरीत सगळं एकाच गाडीत येतं आणि एकाच टाकीत जातं म्हणून कुणाला कळत नाही, मामांना मात्र पक्कं माहीत असेल, फक्त कुणी विचारलं नसेल.

दुसरं, आपला खरा प्रश्न उलटा आहे. शॅम्पेन ४९ अक्षांशावर, आपण २० वर. त्यांना द्राक्षं पिकत नाहीत याची चिंता, आपल्याला फार लवकर पिकतात याची. आपल्याकडे वेल झोपतच नाही म्हणून दोन छाटण्या, एप्रिलला खरड आणि सप्टेंबरच्या आसपास फळाची. डिसेंबरात मण्यात पाणी उतरतं (मणी मऊ पडून गोड व्हायला लागतात), रात्री गार असतात (निफाडचा पारा पेपरात वाचता ना, तेच आपलं भांडवल), पण संक्रांत झाली की ऊन चढतं आणि आंबटपणा भराभर खाली येतो. साध्या चेनिन वाइनसाठी २१-२२ ब्रिक्सपर्यंत (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) थांबतात. स्पार्कलिंगला १८ च्या आसपास, अ‍ॅसिड लिटरला ८ ग्रॅमच्या वर असतानाच तोडायचं. तेव्हा द्राक्ष खाऊन बघितलं तर मामा म्हणतील हे काय हिरवं तोडताय. चार दिवस उशीर झाला की मातीची चव राहिली बाजूला, नुसती पिकलेल्या केळ्या-अननसाची चव येते आणि मग ती वाइन दिंडोरीची काय अन् कुठली काय. माझ्या मते आपल्याकडे तेरवार जमिनीत जेवढं असतं तेवढंच तोडणीच्या तारखेत असतं. करारावरच्या शेतकऱ्याला गाडी येईल तेव्हा तोडावं लागतं. स्वतःची बाटली काढणाऱ्याचा खरा फायदा हाच, की तारीख त्याची.

पहाटे तोडायचं, २० किलोचे क्रेट, ऊन तापायच्या आत प्रेसमध्ये, म्हणजे रस पिळायच्या यंत्रात. घड आख्खे घालायचे, चुरगाळायचे नाहीत, आणि शेवटपर्यंत पिळायचंही नाही. शॅम्पेनमध्ये नियमच आहे, ४००० किलोमागे २५५० लिटर रस, वर थेंब नाही. त्या हिशोबाने तुमच्या एका टनाचे ६३७ लिटर, सांडलवंड धरून ८०० बाटल्या. पहिल्या वर्षी याच्या वर जाऊ नका.

पहिल्यांदा साधी आंबवून साखर पूर्ण संपवायची. मग लिटरला २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरायची आणि सोड्याच्या बाटलीला असतो तसा पत्र्याचा बिल्ला ठोकायचा, बुच नंतर. ४ ग्रॅम साखरेला साधारण एक वातावरण दाब, म्हणजे आत सहा. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय असतं, या बाटलीत ९० च्या आसपास. म्हणून बाटली जाड, रिकामीच ८००-९०० ग्रॅम. साध्या वाइनच्या बाटलीत हा प्रयोग कुणी चुकूनही करू नका. जुन्या काळी तिकडे तळघरातली माणसं तोंडाला लोखंडी जाळी बांधून काम करायची ते उगाच नाही. आमच्याकडे एकदा मे महिन्यात रात्री लाइट गेली, जनरेटर चालू झाला पण कूलिंगचा कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बसला आणि नाइटवाल्याला कळलंच नाही. उकाडा वाढला तसा दाब वाढला, पहाटे एक फुटली, तिच्या काचेने शेजारची, तिने पलीकडची, लक्ष्मीपूजनाची माळ लागली जशी. सकाळी जमिनीवर घोट्याएवढी वाइन आणि वास मात्र असा सुंदर की रडावं की हसावं कळेना.

मग बाटल्या आडव्या ठेवून द्यायच्या, १२ अंश तापमानाला. त्यांना खडूची तळघरं फुकट थंड मिळतात, आपल्याला एसीचं बिल भरावं लागतं, चोवीस तास, दोन उन्हाळे. यीस्ट मरून तळाशी बसतं, त्या गाळावर वाइन जितकी पडून राहील तितका तुमचा तो भाजलेल्या पावाचा वास येतो. शॅम्पेनला कमीत कमी १५ महिने, त्यातले १२ गाळावर. म्हणजे या जानेवारीत तोडलेल्या द्राक्षाचा पहिला रुपया दोन वर्षांनी. पीएफ जाईल तर तो इथे जाईल, द्राक्षात नाही.

शेवटी गाळ मानेत आणायचा, रोज थोडी थोडी फिरवून आणि उलटी करत. हाताने महिना-दीड महिना. मशीन असतं, एका पिंजऱ्यात ५०४ बाटल्या, आठवड्यात काम. मग मान उणे २५ च्या द्रावणात बुडवून गाळाचा बर्फ करायचा, बिल्ला काढला की दाबाने तो गोळा उडतो. जेवढी कमी झाली तेवढी भरायची, वाटल्यास साखर, मग बुच आणि तारेची टोपी. हातावर फोड येतात. मला अजून थंडीत डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.

आणि हे सगळं घरी करायचं नाही बरं का. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि घरगुती वाइनला त्यात माफी नाही. परवाना असलेल्या छोट्या वायनरीशी बोला, त्यांच्या टाकीत, त्यांच्या कागदावर, मामांचा एक टन वेगळा ठेवून बनवून द्याल का म्हणून. काही जण करतात.

घोडबंदर_ट्रॅफिक

सेलरवाले काका, तुम्हाला साष्टांग. ऑफिसच्या बसमध्ये वाचत होतो, ऐरोलीचा स्टॉप गेला आणि रबाळ्याला उतरलो.

मामांना फोन केला. वरचा तुकडा मुरमाडच आहे, त्याला ते 'माळ' म्हणतात, पाऊण एकर असेल. विचारलं तिथलं द्राक्ष वेगळं लागतं का, तर म्हणाले "लागतं की, तिथलं चावलं की शेवटाला जीभ कोरडी होते, खालचं नुसतं गोड." म्हणजे तुम्ही म्हणालात तसंच, माहीत होतं, कुणी विचारलंच नव्हतं.

एक शंका राहिली. साखर न घातलेलीच खरी असं आहे का? साडू तसं ठासून सांगत होता, आणि त्याला ठासून सांगायची सवय आहे.

नेरुळ_पूर्व

साडूंना सांगा ती सध्याची फॅशन पण आहे. ३ ग्रॅमच्या आत असेल तर ब्रूट नेचर म्हणतात, ६ पर्यंत एक्स्ट्रा ब्रूट, १२ पर्यंत ब्रूट. लिटरला ३ ग्रॅम म्हणजे आख्ख्या बाटलीत अर्धा चमचा, आपल्या एका कटिंगमध्ये याहून जास्त असते. ती थोडीशी साखर गोडीसाठी नसते, भाजीत चिमूटभर गूळ घालतो ना तशी, बाकीच्या चवी जागेवर बसवते. द्राक्ष नीट असेल तर बिनसाखरेची छान लागते, हिरवं असेल तर नुसती दात आंबवते. माझा सल्ला, शेवटी चार-पाच बाटल्या वेगवेगळ्या मापाने करून मामांनाच चाखायला द्या.

सेलरवाले काकांना एक विचारायचं होतं. एकाच वर्षाची बाटली काढली तर ती माळाची चव की त्या वर्षीच्या हवेची चव हे कसं कळणार? सेलॉस यांनी यावर वेगळाच तोडगा काढलाय, १९८६ पासून आव्हीझच्या वाइनमध्ये दरवर्षी नवी वाइन मिसळत जातात, थोडी काढायची थोडी भरायची, विरजणासारखं. त्यामुळे एकेका वर्षाची लहर पुसली जाते आणि उरतं ते फक्त ठिकाण. म्हणजे मिसळूनच तेरवार दाखवायचं! मला हे पहिल्यांदा ऐकल्यावर उलटं वाटलं होतं, आता पटतं.

सेलरवाला_निवृत्त

पटण्यासारखं आहे ताई पण विरजण लावायला आधी दही पाहिजे. ८०० बाटल्यांतून राखून काय ठेवणार? अर्धवट भरलेली टाकी आपल्या उन्हाळ्यात महिन्यात बिघडते. मी म्हणेन पहिली तीन वर्षं माळ वेगळा, एकेक वर्ष वेगळं, चूक झाली तर चुकीसकट. तीन बाटल्या शेजारी ठेवल्या की जे तिन्हीत सारखं लागेल ते माळाचं. त्याला टाकी लागत नाही, धीर लागतो.

आणि चेनिनला कमी लेखू नका, शॅम्पेनची शार्डोने-पिनो द्राक्षं नाहीत म्हणून. दिंडोरीत शॅन्डनवाले २०१३ पासून स्पार्कलिंग विकतायत, त्यांच्या ब्रूटमध्येही चेनिन असतं. आणि त्याच्याही आधी १९८० च्या दशकात आपल्या नारायणगावला इंडेजने फ्रेंच लोकांची मदत घेऊन स्पार्कलिंग काढली, परदेशात ओमर खय्याम नावाने जायची. पुढे कंपनी बंद पडली. पण महाराष्ट्रात हे होतं की नाही हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच सुटलाय. एका बागेची, शेतकऱ्याच्या नावाची, हाच काय तो नवा भाग. फक्त लेबलवर शॅम्पेन लिहू नका, ते नाव त्यांच्या प्रदेशाचं आहे.

एपीएमसी_फळबाजार

८०० बाटल्या असतील तर माझी हरकत मागे घेतो, तेवढं नुकसान माणूस एका लग्नात करतो. विकायचं मात्र आत्तापासून बघा. २०२२ ला सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला होता, हजार चौरस फुटांच्या वरच्या दुकानात, विरोध झाला आणि राहिलं ते राहिलंच. वाइन शॉपवाला अनोळखी नाव फळीवर ठेवत नाही. आणि परदेशी वाइनवर १५० टक्के ड्यूटी बरीच वर्षं होती त्या आडोशाला आपले लोक उभे होते, तो आडोसा कायम राहील असं धरू नका.

आणि मामांचा करार नीट वाचा, सगळा माल देण्याचं कलम असेल तर एक टन बाजूला काढायला आधी वायनरीची लेखी परवानगी घ्या. नंतर भांडण नको.

पाचपाखाडी_कट्टा

एक बाटली माझी बुक. गोटी सोड्याचा शब्द मागे.

घोडबंदर_ट्रॅफिक

अपडेट. करारात तसं कलम आहे, पण मामांनी मॅनेजरला विचारलं तर तो म्हणाला एक टन घ्या, लिहून देतो. दिंडोरीतल्याच एका छोट्या वायनरीने बोलावलंय, हो म्हटलेलं नाही, या मग बोलू एवढंच. बाटल्या आणि एसीचा खर्च ते सांगतील त्यावर ठरेल, माझी वरची मर्यादा बायकोने ठरवलीय आणि ती पीएफच्या बरीच खाली आहे.

शनिवारी पहाटे निघतोय, आमण्यावरून समृद्धी धरली की इगतपुरीपर्यंत त्रास नाही, भिवंडी बायपास पार पडला म्हणजे मिळवली. काका, साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मामांकडे आहे पण अ‍ॅसिड मोजायचं काही नाही. घड घेऊन वायनरीच्या लॅबला द्यायचे तर किती मणी, आणि एकाच वेलाचे का वेगवेगळ्या?

सेलरवाला_निवृत्त

शंभर मणी. वेगवेगळ्या ओळींतले, ओळीच्या टोकाचे वेल सोडून, घडाच्या वरचे-खालचे, उन्हाकडचे-सावलीकडचे सगळे मिसळून. माळाचे वेगळ्या पिशवीत, खालचे वेगळ्या. पिशवीवर तारीख लिहा, आणि येताना डिकीत नाही, आइसबॉक्समध्ये. आत्ता नाही, पाणी उतरल्यावर, डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून दर चार दिवसांनी. या शनिवारी नुसतं माळावर फिरून या, मामांबरोबर.